भावाने पासपोर्ट बदलला, म्हणजे राष्ट्रत्व विकलं का?

प्रश्न : मी डिचोलीची. बाबांचा जन्म १९५७चा, गोव्यातला, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला केली आणि त्या आधारावर माझ्या धाकट्या भावाने पोर्तुगीज पासपोर्ट काढला. तो आता आयर्लंडला कामाला आहे. बाबांचे काका, म्हणजे आमचे आजोबा, गोवा मुक्तिलढ्यात होते, आग्वादच्या तुरुंगात राहून आले आहेत. चवथीला सगळं घर जमलं असताना ते म्हणाले, ‘त्याने राष्ट्रत्व विकलं.’ हे भावाच्या कानावर गेलं. तो फोनवर म्हणाला, ‘एक कागद बदलला, त्यात एवढं काय?’ तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. राष्ट्रत्व म्हणजे नक्की काय? नागरिकत्व, राष्ट्रीयत्व हे सगळं एकच का? ते पासपोर्टाबरोबर जातं का? आता माझा नवराही मागे लागलाय की तूही नोंद करून घे. मी काय करू? — एक वाचक, डिचोली

उत्तर :

ताई, आजोबांचं वाक्य मला पटत नाही आणि भावाचंही पटत नाही. दोघांनी एकाच गोष्टीला दोन चुकीची नावं दिली आहेत. म्हणून आधी शब्द नीट लावून घेऊ.

नागरिकत्व हा कायद्याचा विषय आहे. तुम्ही मत कुठे देता, पासपोर्ट कोण देतं, परदेशात अडचणीत आलात तर कोणत्या वकिलातीने तुमच्यासाठी धावायचं, हे सगळं त्यावरून ठरतं. शाळेच्या किंवा नोकरीच्या फॉर्मवर ‘राष्ट्रीयत्व’ असा रकाना असतो आणि आपण ‘भारतीय’ लिहितो. तिथे विचारलेलं असतं ते नागरिकत्वच, शब्द मात्र राष्ट्राचा असतो, आणि घोळ बहुतेक इथूनच सुरू होतो. राष्ट्रत्व ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. हा शब्द एकट्या माणसाला लागत नाही, समूहाला लागतो. आम्ही एक आहोत, आमचं पुढचं आम्ही मिळून ठरवणार, असं एखादा लोकसमूह मानतो आणि तसं वागतो तेव्हा त्या समूहाला राष्ट्रत्व आहे असं म्हणतात. ‘१९७१ मध्ये बांगलादेशाने आपलं राष्ट्रत्व सिद्ध केलं’ हे वाक्य बरोबर आहे. ‘माझ्या भावाचं राष्ट्रत्व पोर्तुगीज झालं’ हे चूक आहे. त्याचं नागरिकत्व पोर्तुगीज झालं.

राज्यसंस्था आणि राष्ट्र यांचीही अशीच सरमिसळ होते. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य आहेत, पण तिथे सदस्यत्व राज्यसंस्थेला मिळतं, म्हणजे प्रदेश, लोक, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता असलेल्या संस्थेला. कुर्द लोक तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरियात विभागलेले आहेत. त्यांच्यात राष्ट्र असल्याची जाणीव पक्की आहे, पण त्या संस्थेत त्यांच्या नावाची पाटी नाही.

एवढ्यावरून आजोबांच्या वाक्याचं अर्धं उत्तर मिळतं. जे एकट्याच्या मालकीचं नाही, ते एकटा विकू शकत नाही. पण हे तर्काचं उत्तर झालं, आणि आजोबांना तर्काने जिंकून तुमच्या घराचं काही भलं होणार नाही. त्यांच्या आयुष्यातच या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर आहे, ते बघू.

तुमचे आजोबा तुरुंगात गेले तेव्हा कायद्याने कोण होते? पोर्तुगीज नागरिक. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने घटनेत दुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ हे नाव दिलं. मग पोर्तुगाल जगाला सांगत राहिला, की गोवा ही वसाहत नव्हेच, तो पोर्तुगीज राष्ट्राचाच तुकडा आहे. कागद त्यांचे होते, कायदा त्यांचा होता, शिक्के त्यांचे होते. एवढं असूनही शिरसईपासून काणकोणपर्यंतच्या पोरांना आपण त्या राष्ट्राचे आहोत असं वाटलं नाही. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही पोर्तुगालचं म्हणणं नाकारलं आणि गोव्याला स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातलं. म्हणजे कागदावरून राष्ट्रत्व ठरत नाही हे तुमच्या आजोबांच्या पिढीने तुरुंगवास सोसून सिद्ध केलेलं आहे. ज्यांनी ते सिद्ध केलं, त्यांच्याच तोंडून आज ‘कागद बदलला म्हणजे राष्ट्रत्व विकलं’ हे वाक्य आलं, याचं मला वाईट वाटतं. ते त्यांच्या स्वतःच्या कमाईवर अन्याय करणारं वाक्य आहे.

गोव्याबद्दल आणखी थोडं लिहिते, कारण या विषयाचा इतका चांगला धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल, आणि घाटावरच्या वाचकांना तो फारसा ठाऊक नसतो.

१९३० साली लिस्बनने वसाहतींसाठी नवा कायदा आणला. त्यात परक्या भूभागांवर ताबा ठेवणं आणि तिथल्या लोकांना ‘सुसंस्कृत’ करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं ऐतिहासिक कार्यच असल्याचं म्हटलं होतं. त्याच वर्षी ४ जुलैला गोव्याच्या विधिमंडळात लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी ठराव मांडला. आपलं भवितव्य आपण ठरवण्याचा हक्क प्रत्येक लोकसमूहाला असतो आणि पोर्तुगीज हिंदुस्थान तो हक्क सोडणार नाही, असा त्याचा आशय होता. हा माणूस चांदरचा, ख्रिस्ती, पोर्तुगीजमध्ये लिहिणारा आणि बोलणारा. म्हणजे राज्यकर्त्यांच्या भाषेत, राज्यकर्त्यांच्या सभागृहात, त्यांच्या तोंडावर त्याने हा हक्क सांगितला. चांदरचेच त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा. त्यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन केली आणि पुढे पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात कैद भोगली. १९४४ मध्ये एक पुस्तिका लिहून त्यांनी दाखवून दिलं, की पोर्तुगीज राजवटीने गोंयकारांच्या, म्हणजे गोव्याच्या लोकांच्या, मनातून त्यांचं आपलेपण कसं पुसायचा प्रयत्न केला. भाषेवर बंदी हे त्यातलं एक हत्यार. १६८४ मध्येच व्हाइसरॉयने कोकणीविरुद्ध फर्मान काढलं होतं. कुन्हांचं निदान मला बरंच पटतं. मात्र त्यांचं नाव घेऊन आज कुणी गोव्यातल्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या कपड्यांवरून किंवा आडनावावरून त्याचं भारतीयत्व मोजायला लागला, तर तो कुन्हांनाच विसरलेला असतो. कुन्हा स्वतः त्याच समाजातले होते.

आणि जे गोव्याचे नव्हतेच, त्यांचं काय? १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीच्या सीमेवर गोळी झेलून गेलेले कर्नेलसिंग पंजाबचे होते. मोहन रानडे सांगलीचे, मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात आले आणि लढ्यात उतरले. गोवा १९६१ला मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळच्या तुरुंगातच होते, सुटले ते १९६९ला. पंजाबच्या तरुणाला पत्रादेवीच्या माळावर काय मिळणार होतं? त्याची भाषा वेगळी, धर्म वेगळा, जेवणही वेगळं. त्याला तिथे आणलं ते ज्या भावनेने, तिला राष्ट्रत्व म्हणायचं. या शब्दाची व्याख्या मला जेव्हा जेव्हा कुणी विचारतं, तेव्हा मी पत्रादेवीचं नाव सांगते.

एर्नेस्त रनाँ या फ्रेंच विचारवंताने १८८२ मध्ये पॅरिसला यावर एक भाषण दिलं होतं. वंश, भाषा, धर्म किंवा भूगोल यांतल्या कशानेही राष्ट्र पुरतं समजत नाही, असं तो म्हणाला. त्याच्या मते दोन गोष्टी लागतात : मिळून सोसलेल्या आणि मिळवलेल्याची आठवण, आणि यापुढेही एकत्र राहण्याची इच्छा. ती इच्छा रोज नव्याने घेतलेल्या कौलासारखी असते, हे त्याचं म्हणणं प्रसिद्ध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रनाँ वाचला होता, आपल्या लिखाणात वापरलाही होता. पण २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत त्यांनी जे सांगितलं ते मला रनाँपेक्षाही खोल वाटतं. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होऊ शकतील, असा प्रश्न त्यांनी केला. सामाजिक आणि मानसिक अर्थाने आपण अजून राष्ट्र झालेलो नाही, हे जितक्या लवकर कळेल तितकं बरं, कारण ते कळलं तरच राष्ट्र होण्याची गरज पटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झालेली, संविधान तयार, आणि ते तयार करणारा माणूस सभागृहात उभा राहून सांगतोय की राष्ट्रत्व अजून कमवायचं आहे. संविधानाची उद्देशिका काढून बघा. राष्ट्राची एकता तिथे बंधुतेला जोडलेली आहे. व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता या दोन्हींचं आश्वासन बंधुतेने द्यायचं आहे.

म्हणून राष्ट्रत्वाची चिंता करायची असेल, तर आयर्लंडला गेलेल्या पोरापेक्षा आपल्या गावात बंधुता कुठे तुटते आहे याची जास्त करावी, असं मला मनापासून वाटतं. विहिरीवर, देवळात, लग्न जमवताना, परप्रांतातून आलेल्या मजुराला खोली देताना. तिथे राष्ट्रत्वाचं जे नुकसान होतं, त्याच्यापुढे लिस्बनच्या नोंदवहीतली एक ओळ फार लहान आहे.

१९६७चा सार्वमताचा कौलही इथे आठवतो. १६ जानेवारीला गोव्याने मत दिलं : फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. डिचोलीसारख्या भागात तेव्हा घराघरांत कडाक्याचे वाद झाले, मराठी की कोकणी यावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाला. पण त्या भांडणात कुणीही कुणाच्या भारतीय असण्यावर बोट ठेवायचं कारण नव्हतं. प्रश्न भारतात कुठल्या घडीने राहायचं एवढाच होता. गोवा पुढे १९८७ला राज्य झालं, कोकणी १९९२ला आठव्या अनुसूचीत आली, आणि मराठीवर प्रेम करणारे गोंयकार आजही तितकेच गोंयकार आहेत. एका राष्ट्रत्वात दोन भाषांचा अभिमान सुखाने मावतो. तुमचे आजोबा तेव्हा फुलाकडे होते की पानांकडे, मला ठाऊक नाही, पण त्यांना विचारा. तो विषय काढलात तर ते दोन तास बोलतील, आणि घरातला ताण सैल व्हायला असं बोलणंच लागतं.

आता भावाकडे येते. ‘एक कागद बदलला’ हे त्याचं वाक्य कायद्याच्या दृष्टीने साफ चुकीचं आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. नागरिकत्व कायदा १९५५च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, आणि परदेशी पासपोर्ट घेणं हा त्याचा निर्णायक पुरावा धरला जातो. तुमच्या भावाला आता इथे मत नाही. पंच म्हणून किंवा आमदार म्हणून तो उभा राहू शकत नाही. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड, काढलं तर येण्या-जाण्याची आणि राहण्याची सोय होते, पण सरकारी नोकरीचं दार उघडत नाही आणि शेतजमीन नव्याने विकत घेता येत नाही. तुमच्याकडे कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, असेल तर वाटण्यांपूर्वी वारसाहक्काबद्दल वकिलाचा सल्ला घ्या. गोव्याच्या माणसाने मत देण्याचा हक्क सोडला, तर त्याच्या गावात खाण सुरू व्हावी का, डोंगर कापावा का, पंचायत कुणाच्या हातात जावी, या प्रश्नांवरचा त्याचा आवाज गेला. आजोबा ज्याच्यासाठी तुरुंगात गेले, तो आवाजच. त्यांनी चुकीचा शब्द वापरला, पण त्यांना टोचतंय ते हे आहे, असं मला वाटतं. १९६२ मध्ये भारत सरकारने आदेश काढून गोव्याच्या लोकांना भारतीय नागरिक मानलं. ज्यांना जुनंच नागरिकत्व ठेवायचं होतं, त्यांना तसं लिहून द्यायला एक महिन्याची मुदत होती. आजोबांनी तो महिना पाहिलेला आहे. निवडीची संधी होती तेव्हा आपण काय निवडलं, हे ती पिढी विसरलेली नाही. साठ वर्षांनी घरातलंच पोर उलट दिशेला गेलं, म्हणून जीव दुखला. हे भावाला शांतपणे समजावून सांगा.

आणि आजोबांना भावाची बाजूही कळायला हवी. डिसेंबर १९७४ मध्ये पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं, तरी १९६१च्या आधी जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुला-नातवंडांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरचा हक्क तिथल्या कायद्याने शिल्लक ठेवला. त्यामुळे युरोपात कुठेही काम करायची वाट उघडी झाली. भाऊ गेला तो पगारासाठी. सालाझारच्या प्रेमापोटी कुणी गेलेलं नाही. इंग्लंडातल्या स्विंडनमध्ये आज गोंयकारांची मोठी वस्ती आहे, ती याच वाटेने झालेली. तिथे चवथही होते, नाताळही होतो, आणि गावच्या देवळाला, चर्चला पैसेही येतात. मिळून सोसल्याची आठवण आणि नातं ठेवायची इच्छा, या दोन्ही गोष्टी माणूस समुद्रापार घेऊन जाऊ शकतो. कायदेशीर हक्क मात्र घेऊन जाता येत नाहीत, आणि हे भावाने मान्य करायला हवं.

त्याला दोन कामं सांगा. भारतीय पासपोर्ट रीतसर परत केला नसेल तर आधी तो करायचा. मतदार यादीत नाव राहिलं असेल तर काढून घ्यायचं. नाव आहे म्हणून सुट्टीत येऊन मत देणं हा गुन्हा आहे, आणि ज्या माणसाने मताच्या हक्कासाठी तुरुंग पाहिला त्याच्या घरात तर ते अजिबात होऊ नये. ही कामं झाली की त्याने आजोबांना स्वतः फोन करावा. ‘फक्त कागद’ हे शब्द त्यात येऊ देऊ नयेत. ‘मी मताचा हक्क सोडून आलोय, मला त्याची जाणीव आहे, पण मी तुमचाच आहे’ एवढं सांगितलं तरी पुरे. आजोबांनी लगेच मान डोलावली नाही तरी रागवायचं नाही. नव्वदीच्या जवळ आलेल्या माणसाला वेळ द्यावा लागतो.

तुमच्या बाबांचं काम मात्र याहून तातडीचं आहे, आणि पत्रात तुम्ही त्यावर काहीच लिहिलेलं नाही. त्यांची लिस्बनला नोंद झालेली आहे. नुसत्या जन्मनोंदणीने भारतीय नागरिकत्व जातं का, यावर गोव्यात बरीच वर्षं वाद चाललाय, तो आमदारांच्या पात्रतेपर्यंतही गेला होता. बाबांचा भारतीय पासपोर्ट आणि मतदानकार्ड चालू असेल, तर या विषयातल्या वकिलाला सगळी कागदपत्रं दाखवून त्यांची नेमकी स्थिती लेखी घ्या. एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका. तो पासपोर्ट मिळवून देतो, नंतरच्या प्रश्नांना उत्तर द्यायला थांबत नाही.

राहिला तुमचा स्वतःचा निर्णय. नवऱ्याला विचारा, नोंद कशासाठी? तुम्हाला खरोखर परदेशी जाऊन राहायचंय, काम ठरलंय, मुलांच्या शिक्षणाचा विचार झालाय, तर तो पोटापाण्याचा निर्णय म्हणून घ्या आणि काय सुटणार आहे ते डोळे उघडे ठेवून मोजा. ‘असू दे, पुढेमागे उपयोगी पडेल’ एवढंच कारण असेल, तर मी नको म्हणेन. इथे राहायचं, इथल्या रस्त्यांवर, शाळांवर, पाण्यावर तक्रार करायची आणि मताचा हक्क मात्र धोक्यात घालायचा, हे मला योग्य वाटत नाही. जायचं ठरलंच, तर नोंदीचा अर्ज पाठवण्याआधी आजोबांच्या शेजारी बसून ते त्यांना तुम्हीच सांगा. भावाच्या वेळी त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं असावं, असा माझा अंदाज आहे.